बॅटरीवरून पुसलेली तारीख

रविवार, आठ मार्च. सकाळी अकरा. जागा तुमचं दुकान. रक्कम तीस हजार रुपये. हजर तिघे: सुमनवहिनी, कुणाल आणि मी. तुम्हाला जाऊन त्या दिवशी वीस दिवस झाले होते.

हे असं सुरू केलेलं बघून तुम्ही चष्मा कपाळावर सारून म्हणाला असतात, “काय हिशेबनीस, पंचनामा करून राहिले का?” हो, वामनराव. मला दुसरं काही येत नाही. तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये आवक-जावक लिहिली. दुःख कसं लिहितात ते माहीत नाही. काय झालं ते क्रमाने लिहिता येतं. आणि जे झालं ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. सांगायला माझ्याकडे सतरा शनिवार होते. तसे एकोणीस होते, पण दोन शनिवारी मी आलो नव्हतो.

तुमची माझी ओळखच मुळी सेलवरून झाली. अकरा वर्षांपूर्वी मी आईचा रेडिओ घेऊन गुलटेकडीला तुमच्या दुकानात आलो. मार्केट यार्डाच्या मागे, मसाल्याच्या दोन गोदामांच्या मधलं दहा बाय बाराचं दुकान. मिरचीच्या खकाण्याने मी शिंकत होतो आणि तुम्ही शांतपणे रेडिओचं मागचं झाकण उघडलंत. आत दोन सेल. दोन्हींवर मी स्केचपेनने घातलेली तारीख. तुम्ही ती मोठ्याने वाचलीत आणि विचारलंत, “हे तुम्ही लिहिलं?”

“हो. घरातले सगळे सेल मी दसऱ्याला बदलतो. घड्याळं, रिमोट, टॉर्च. तारीख घातली की घोटाळा होत नाही.”

“उत्तम. तारीख बरोबर घातली, सेल उलटा घातला.”

तुम्ही सेल सुलटा केलात. रेडिओ वाजला. मी पैसे विचारले तर तुम्ही कागदावर लिहून दिलंत: दोष काही नाही, आकार काही नाही. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्या दिवसापासून तुम्ही मला हिशेबनीस म्हणायला लागलात आणि मी दर शनिवारी दुपारी धनकवडीहून तुमच्याकडे यायला लागलो.

माझ्या बायकोला बरीच वर्षं कळलं नाही की मी तिथे जाऊन करतो काय. मलाही नीट सांगता यायचं नाही. नाणं टाकून खेळायची ती व्हिडिओ गेमची मोठी कपाटं पुण्यात होती तेव्हा तुम्ही त्यांची दुरुस्ती करायचात. पार्लरं बंद पडली, कपाटं मोडीत गेली आणि त्यांच्या पोटातले बोर्ड किलोच्या भावाने विकले गेले. तुम्ही भंगारवाल्यांकडून ते परत विकत आणलेत. कशासाठी, ते तेव्हा तुम्हालाही माहीत नव्हतं. पुढे ज्यांचं लहानपण त्या कपाटांपुढे गेलं होतं ती मुलं मोठी झाली, आयटीत कमवायला लागली आणि बाणेर-वाकडहून गाड्या घेऊन तुमच्या दारात आली.

मी नुसता बघत बसायचो. बोर्ड कपाटाला जोडायचा, पडद्यावर कचरा दिसायचा, उलटीसुलटी अक्षरं, तुटलेली चित्रं. तुम्ही तो कचरा वाचायचात. उभ्या रेघा असल्या तर ही स्मृतीची चिप, रंग गेला असेल तर ती. मग एकेका चिपेवर बोट ठेवून ताप आहे का बघायचं. संशय आला तर तिच्या पाठीवर तशीच दुसरी चांगली चिप दाबून धरायची. चित्र सुधारलं तर खालची मेलेली. “आजाऱ्याच्या खांद्यावर धडधाकट माणूस बसवून पाहायचा,” असं तुम्ही म्हणायचात. शेवटी तपासणीची ती बारीक सळई. एकेका पायाला लावली की ती वेगवेगळ्या सुरात बीप करायची आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचात.

हे सगळं तुम्ही डोक्यात ठेवायचात. कागदावर काही नाही. मला ते सहन व्हायचं नाही. मीच रजिस्टर आणलं, मीच रकाने आखून दिले: तारीख, बोर्ड, तक्रार, मोजमापं, दोष, कारण. शेवटच्या रकान्यावरून आपलं वाजायचं. कारण सापडलं नाही तर “अज्ञात” लिहावं, कारखान्यात आम्ही तसंच करतो, असं माझं म्हणणं. तुम्ही रजिस्टर माझ्याकडे सरकवायचात. “अज्ञात म्हणजे काय जी? ज्याले शोधायचा कंटाळा आला तो लिहिते अज्ञात.” कारण कळल्याशिवाय चिप बदलायची नाही, हा तुमचा नियम. त्या नियमापायी गिऱ्हाइकं ताटकळायची, पण तुमच्या रजिस्टरात एकदाही अज्ञात आलं नाही. हा वाद तसाच राहिला. आता तो मी हरलो आहे, आणि कसा हरलो तेच सांगतो आहे.

कुणालचा बोर्ड भाद्रपदात आला. चित्र व्यवस्थित, फक्त आवाज नाही. कुणालने तो बाळ उचलावा तसा उचलून आणला होता. “काका, एकदम ओरिजिनल पीस आहे. प्लीज काही मॉडिफाय करू नका. शाळेत असताना वडिलांच्या खिशातून किती पैसे चोरून याच्यात घातलेत, त्यांना अजून माहीत नाही.” तुम्ही म्हणालात, “वडलांचा नंबर देऊन ठेवा, बिल थकलं तर लागंल.” चार दिवसांत आवाज आला. कुणाल गावाला गेला होता, म्हणून बोर्ड फळीवर राहिला. मध्येच तुमच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दहा दिवस वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. दसऱ्याला दुकानाची पूजा कोण करणार? वहिनींनी किल्ली मला आणून दिली.

दसऱ्याच्या सकाळी मी दुकान झाडलं. सोल्डरिंग आयर्नला झेंडूची माळ घातली. माझ्या घरचे सेल बदलून झाले होते, नवे सेल पिशवीत होते. दुकानातलं घड्याळ, मीटर, टॉर्च, सगळ्यांचे बदलले, तारखा घातल्या. मग कुणालच्या बोर्डावरची बॅटरी दिसली. अंगठ्याएवढी, जुनी, टोकाला पांढरट झालेली. मला अकरा वर्षं तुम्ही एकच गोष्ट बजावली होती, की जुनी बॅटरी फुटते आणि तिचं पाणी तांबं खाऊन टाकतं, म्हणून बोर्ड हातात आला की आधी बॅटरी काढायची. तुम्ही शिकवलेल्या सोल्डरिंगने मी ती काढली. त्याच मापाची, त्याच व्होल्टेजची नवी तुमच्या खणात होती, ती बसवली. वर तारीख घातली. मनात म्हणालो, वामनराव खूश होतील.

मग पूजेआधी सगळं चालू आहे ना बघावं म्हणून बोर्ड जोडला. पडदा हिरवा. पूर्ण हिरवा, एकही अक्षर नाही. तीनदा बंद-चालू केलं. हिरवाच.

मी खुर्चीवर बसलो. गोदामात हमालांचा दसरा चालला होता, कोणीतरी नारळ फोडत होतं. थोड्या वेळाने मी उठलो, स्पिरिटचा बोळा घेतला आणि बॅटरीवरची तारीख पुसली. जुनी बॅटरी खिशात टाकली. मग पूजा केली.

पुढच्या शनिवारी तुम्ही दुकानात आलात तेव्हा लहान मुलासारखे झाला होतात. निळा रंग निळा दिसतो म्हणालात. समोरच्या गोदामाची पाटी मला वाचून दाखवलीत. कुणालचा बोर्ड हातात घेतलात आणि बॅटरीवर बोट ठेवून म्हणालात, “हे पाहा, बॅटरी पण कशी चकचकीत दिसून राहिली. डोळा झकास बसला बाप्पा.”

मी म्हणालो, “हो, चांगला बसलाय.”

मग तुम्ही बोर्ड जोडलात. हिरवा पडदा आला. तुमचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. तुम्ही वळून विचारलंत, “याची बॅटरी कोणी काढली नाही ना? या बोर्डातला प्रोग्राम कुलूपबंद असते. कुलपाची चावी एका चिपेत असते आन् ती बॅटरीच्या विजेवर जगते. क्षणभर वीज तुटली की चावी पुसल्या जाते. बाकी बोर्डांची बॅटरी आधी काढायची, याची कधीच नाही.”

म्हणजे मी काय केलं ते मला तुमच्याच तोंडून कळलं, आणि त्याच क्षणी मी म्हणालो, “नाही.”

“कुणालले फोन केला पाहिजे.”

कुणालही नाही म्हणाला. तो खरं बोलत होता. तुम्ही फोन ठेवलात आणि म्हणालात, “तुम्ही नाही म्हणाले म्हणजे नाही. ते एक माप झालं.”

मी का खोटं बोललो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. तीस वर्षांत माझ्या स्टोअरमध्ये एक वॉशर कमी निघाला नाही. तुम्ही लोकांना माझी ओळख करून द्यायचात, “हे गोरेसाहेब. वजनकाटा.” त्या काट्यावर मला स्वतःला ठेवायचं नव्हतं, एवढंच. आणखी एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. त्या संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना मी मनात ठपका तुमच्यावरच ठेवत होतो. बोर्डावर एक चिठ्ठी का लावली नाही? सगळं डोक्यात ठेवता, मग असंच होणार. धनकवडी येईपर्यंत माझं मला जवळजवळ पटलं होतं.

त्यानंतर तुम्ही मोजायला लागलात. माझ्या रजिस्टरात, माझ्या रकान्यांत. एकेक पाय, एकेक मोजमाप. एरवी बाराखडीसारखं भराभर होणारं काम तुम्ही सावकाश करत होतात, कारण उजवा डोळा अजून धूसरच होता आणि दोन डोळ्यांचं जमत नव्हतं. मी समोर बसून चहा पीत होतो. दोन शनिवार मी आकडे उतरवून घेतले. तुम्ही सांगायचात, मी लिहायचो. तुमच्याकडे दोन बोर्ड असे पूर्वी आले होते, चावी पुसलेले. त्यावर उपायही तुम्हाला माहीत होता: कुलूप नसलेला प्रोग्राम नव्या चिपांवर लिहून त्या बसवायच्या. अर्ध्या तासाचं काम. पण कारण कळल्याशिवाय चिप बदलायची नाही, आणि हा तर कुणालचा ओरिजिनल पीस.

जानेवारीत एकदा तुम्ही सळई खाली ठेवलीत. “लक्षणं चावीचीच आहेत, हिशेबनीस. पण ते जाईन कशी?”

मी चहाचे कप विसळायला घेतले.

थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, तुम्ही म्हणालात, “या दुकानात तारीख नसलेली एकच बॅटरी आहे.”

“ती दुकानाची नाही, गिऱ्हाइकाची आहे,” मी म्हणालो.

“बरोबर,” तुम्ही म्हणालात आणि सळई पुन्हा उचललीत.

वामनराव, त्या एका “बरोबर”वर मी महिनाभर झोपलेलो नाही. तुम्हाला कळलं होतं का? कळलं असतं तर तुम्ही पुढे मोजत बसला नसतात, असं मी स्वतःला सांगतो. पण तुम्ही मोजत होतात ते मी बोलावं म्हणून, असंही असू शकतं. विचारायला आता कोणी नाही.

त्याच महिन्याच्या शेवटी तुम्ही निकाल लावलात. आवाजाची दुरुस्ती करताना धूसर डोळ्याने तुमचा हात सरकला असणार आणि सळईचं टोक नको तिथे लागलं असणार. “मीच मारला. दुसरा कोणी हात लावलाच नाही ना.” कुणालला बोलावून तुम्ही तीस हजार दिलेत. तो घेत नव्हता. तुम्ही म्हणालात, “घे बाबा. नाही घेतले तर मी तुले रोज फोन करीन.” मी तिथेच होतो. स्टुलावर. त्यानंतर आलेले दोन बोर्ड तुम्ही परत पाठवलेत. मी विचारलं, काहून, तुमच्याच भाषेत, गंमत म्हणून. तुम्ही म्हणालात, “डोळा नवा आला, हात जुनाच राहिला.” आणि पुढचे दोन शनिवार आपण नुसता चहा प्यायलो.

सोळा फेब्रुवारीला तुम्ही गेलात. तेराव्यानंतर वहिनींनी मला पुन्हा किल्ली दिली, गिऱ्हाइकांचा माल परत करायचा होता. मी रजिस्टर घेऊन बसलो. कुणालच्या बोर्डाची तेवीस पानं. पहिल्या पानावर, मोजमापांच्या रकान्यात, तुमच्या तिरक्या अक्षरात: “बॅटरी ३.६ व्होल्ट. कधीही काढलेली नाही. गोरेसाहेबांचा शब्द.” त्याखाली बाकी सगळे आकडे. शेवटच्या पानावर तुम्ही दोष लिहिला होता: चावी नष्ट. त्यापुढचा कारणाचा रकाना कोरा. तुम्ही कुणालला “मीच मारला” म्हणालात, पण ते लिहिलं नाहीत. मोजलेलं नव्हतं ना.

मी दुकानातूनच कुणालला फोन केला आणि सगळं सांगितलं. त्याने सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, “काका, मग ते तर सिंपल होतं.” शुक्रवारी त्याने चिपा लिहून आणल्या. दोघांनी मिळून बसवल्या. पडदा हिरवा झाला, काळा झाला आणि मग चित्र आलं. आवाजासकट. तुम्ही केलेला आवाज. मी घड्याळ बघितलं. सत्तावीस मिनिटं लागली होती.

म्हणून आठ तारखेचा रविवार. बोर्ड चालू ठेवला होता. वहिनी दारातल्या स्टुलावर बसल्या आणि मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. दसरा, स्पिरिटचा बोळा, हो आणि नाही. माझं झाल्यावर पडद्याकडे बघून म्हणाल्या, “मंग हे यांच्या हातून नव्हतं झालं.”

“नाही.”

“घरी बसून हात पाहात. भाजी चिरताना माझ्याकडून सुरी मागून घेत, हात सरकते का पाहायला. मी म्हटलं वय झालं.”

कुणालने पाकीट काढलं. “काकू, हे काकांचे तीस हजार. बोर्ड चालू झालाय, आता हे माझे नाहीत.” त्यांनी ते घेतले, मोजले आणि पदराखाली ठेवले. “हे दुसऱ्या डोळ्याचे होते,” त्या म्हणाल्या. “मार्चमध्ये करायचा होता.”

हे मला माहीत नव्हतं.

मीही पाकीट आणलं होतं. त्यातही तीस हजारच. ते मी पुढे केलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. “हे कशाचे जी?”

“माझ्यामुळे त्यांना...”

“पैसे तर आले.”

“तरी, वहिनी. घ्या.”

“घेतले तर तुमचं फिटंल. ठेवा तुमच्यापाशी.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. भाजीवाल्याला नको म्हणतात तसं म्हणाल्या. मग रजिस्टरकडे बोट दाखवलं. “तिथं काय लिहायचं राहिलं ते लिहा. यांनी कोरं ठेवलं ते तुमच्यासाठीच ठेवलं असंल, नसंल, मले नाही माहीत. पण भरा.”

मी कारणाच्या रकान्यात लिहिलं: “दसऱ्याच्या दिवशी बॅटरी मी काढली. विचारल्यावर नाही म्हणालो.” खाली सही केली. खिशातून जुनी बॅटरी काढली, पाच महिने ती माझ्याकडेच होती, आणि त्या पानावर चिकटपट्टीने लावली. पहिल्या पानावरचा “गोरेसाहेबांचा शब्द” मात्र खोडला नाही. वहिनी खोडू देत नव्हत्या. “ते यांचं अक्षर आहे,” म्हणाल्या.

देणं-घेणं असं झालं. कुणालने सुमनवहिनींना तीस हजार दिले. चिपांचे अकराशे पन्नास मी कुणालला दिले, तो नको म्हणत होता तरी. माझं पाकीट माझ्याकडे परत आलं. तुम्हाला काही नाही.